मोठ्यांची बाळगोळी

मुंबईच्या गिरण्या जोरांत चालत होत्या त्या काळीं चाळींतली आई पहाटेचा भोंगा झाला कीं तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी देई आणि कामावर जाई. मूल दिवसभर निपचित पडून राही. रडत नसे, दूध मागत नसे, शेजारणीला त्रास देत नसे. भोंगा वेळेवर, आई वेळेवर, चात्या वेळेवर. सारें कसें सुरळीत! तें मूल सुखी होतें काय? मुळींच नाहीं. तें उपाशी होतें. फक्त त्याची रडण्याची ताकद काढून घेतलेली होती. पांढरपेशे गृहस्थ त्या आईला अडाणी, निर्दय म्हणून नांवें ठेवीत. तिला बाळंतपणाची रजा नाहीं, मूल ठेवायला जागा नाहीं, एक खाडा झाला तर चूल पेटत नाहीं, हें मात्र त्या गृहस्थांना दिसत नसे. पुढें १९२९ सालीं मुंबई इलाख्यांत बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. १९४८ च्या कारखाना कायद्यानें पन्नासांहून अधिक बाया कामाला असतील तेथें पाळणाघर सक्तीचें केलें. बाळगोळी सुटायची तर अशा वाटेनें सुटते. आईला शिव्या देऊन सुटत नाहीं.

हा जुना इतिहास आज उकरून काढण्याचें कारण असें कीं, बाळगोळी अजून बंद झालेली नाहीं. ती आतां मोठ्या माणसांना मिळते. संध्याकाळीं ती बाटलींतून मिळते व दिवसां औषधाच्या पाकिटांतून. काम तेंच, रडणें थांबविणें. फायदाही तसाच, घेणाऱ्याचा सोडून बाकी सगळ्यांचा.

वाचकहो, हल्लीं आमच्या खेड्यांतून एक इंग्रजी शब्द भाकरीइतका घरोघर झाला आहे. तो शब्द 'टेन्शन'. सोसायटीचें कर्ज थकलें, टेन्शन. सोयाबीनचा भाव पडला, टेन्शन. मुकादमाची उचल फिटली नाहीं, मुलीचें लग्न ठरलें, मुलाचा निकाल लागला नाहीं, सगळ्यांना एकच नांव. छातींत धडधड होते, पोटांत गोळा येतो, हातपाय गार पडतात, रात्रीं तीनला जाग येते ती पुन्हां डोळा लागत नाहीं. कोणी विचारलें तर माणूस म्हणतो, "कांहीं नाहीं, थोडें टेन्शन आहे." आणि मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून दुसरा म्हणतो, "चल, बसूं." हें 'बसणें' म्हणजे काय तें सांगायला नको.

काळजी हा मुळांत रोग नव्हे. काळजी हा घराचा पहारेकरी आहे. चोर आला कीं तो ओरडतो. कर्ज वाढतें आहे, भाव पाडला जातो आहे, मजुरी बुडविली जात आहे, हें तो आपल्याला ओरडून सांगतो. कधीं कधीं हा पहारेकरी स्वतःच आजारी पडतो. चोर नसतांनाही रात्रभर ओरडत राहतो. त्याला शास्त्रांत चिंताविकार म्हणतात, आणि त्यावर औषध आहे, उपाय आहे. तो पुढें सांगूं. पण पहारेकरी शहाणा असो वा आजारी असो, त्याला दारू पाजून झोपविणें हा कोणत्याच बाबतींत उपाय नव्हे. चोराला मात्र हा उपाय फार पसंत पडतो.

आतां दारूनें मनाला धीर येतो, ही गोष्ट खोटी आहे काय? खोटी नाहीं. खोटी असती तर एवढा पसारा चाललाच नसता. मेंदूंत जशी चेतविणारी शक्ति आहे तशी आवरणारीही आहे. आवरण्याचें काम गाबा नांवाचें रसायन करतें; तो मेंदूचा लगाम. दारू हा लगाम बाहेरून ओढते, म्हणून पहिल्या दोन घोटांत छातीवरचा धोंडा उतरल्यासारखा वाटतो. परंतु मेंदू मूर्ख नाहीं. रोज कोणी दुसराच लगाम ओढतो आहे असें दिसलें कीं तो आपला लगाम सैल सोडतो आणि चेतविणाऱ्या शक्तीला जोर देतो. मग मध्यरात्रीनंतर दारू उतरली कीं घोडा चौखूर उधळतो. पहाटे घाम फुटतो, हात कांपतात, उर धडधडतो, आणि काल नव्हती एवढी भीति आज मनांत उभी राहते. ही भीति घालवायला पुन्हां संध्याकाळची वाट पाहायची, आणि कालच्यापेक्षां घोटभर जास्त घ्यायची.

शेतकरी बांधवांनो, हा व्यवहार तुम्हांला नवा आहे काय? हीच सावकारी! रात्रीं उसना घेतलेला धीर सकाळीं व्याजासकट परत द्यावा लागतो. व्याज भरतां भरतां मुद्दल तसेंच राहतें, आणि एके दिवशीं जमीन जाते. फरक इतकाच कीं, सावकार निदान कागदावर अंगठा तरी घेतो. बाटलीच्या सावकाराला कागदसुद्धां लागत नाहीं. तो माणूसच लिहून घेतो.

पैशाचाही हिशेब मांडून पाहूं, कारण हिशेब न मांडल्यामुळेंच आमच्या समाजाचे वाटोळें झालें, असें जोतीरावांपासून आमचीं सर्व वडीलमाणसें सांगत आलीं. जून २०२५ मध्यें सरकारनें १८० मिलिलीटर देशी दारूची किमान किंमत ८० रुपये ठरविली. रोज एक क्वार्टर धरली तर वर्षाचे २९,२०० रुपये होतात. रोजगार हमीच्या कामाची महाराष्ट्रांतील मजुरी २०२५-२६ सालीं रोजी ३१२ रुपये होती. म्हणजे वर्षाच्या बाटल्यांसाठीं जवळजवळ ९४ दिवस फावडें मारावें लागलें. केंद्राच्या त्या योजनेंत हमी होती ती मुळीं १०० दिवसांची! सरकारनें एका हातानें शंभर दिवसांचें काम दिलें आणि दुसऱ्या हातानें चौऱ्याण्णव दिवसांची मजुरी काढून घेतली. राहिलेल्या सहा दिवसांत मुलांच्या वह्या, म्हातारीचें औषध, सोसायटीचा हप्ता हें सगळें बसवायचें. मग टेन्शन येणार नाहीं तर काय होणार? आणि टेन्शन आलें म्हणजे पुन्हां बाटली आहेच!

ह्या चरकांत ऊस कोणाचा पिळला जातो हें कळलें. रस कोणाच्या भांड्यांत पडतो तें आतां पाहूं.

पहिलें भांडें सरकारचें. भारताच्या राज्यघटनेचें ४७ वें कलम सांगतें कीं, औषधाखेरीज मादक पेयांच्या सेवनाला बंदी करण्याचा प्रयत्न राज्यानें करावा. आमच्या राज्यानें प्रयत्न कसा केला पाहा. मे २०२० मध्यें टाळेबंदी चालू होती. शाळा बंद, देवळें बंद, रोजगार बंद, मजूर बायकामुलें घेऊन उन्हांत पायीं गांवाकडे निघालेले. आणि दारूचीं दुकानें उघडलीं! देवळें उघडायला नोव्हेंबर उजाडला. देवळांसाठीं आम्ही अश्रु ढाळणार नाहीं. पण शाळेच्या आधीं गुत्ता उघडणाऱ्या राज्याची अक्कल कोणत्या खिशांत असते हें त्या दिवशीं दिसलें. पुढें जानेवारी २०२२ मध्यें सुपर मार्केटांत वाइन विकूं देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानें केला. कारण काय सांगितलें? शेतकऱ्याचें हित! म्हणजे शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून सगळ्या गांवानें प्यावें. लोकांनीं ओरड केली म्हणून तें प्रकरण अंमलांत आलें नाहीं. जून २०२५ मध्यें दारूवरील कर वाढविला तेव्हां त्यांतून वर्षाला १४,००० कोटी रुपये जादा मिळतील असा अंदाज सांगण्यांत आला. महाग केल्यानें लोक कमी पितात हें शास्त्र आम्हांला माहीत आहे. तेवढ्यापुरता कर चांगलाच. पण जें सरकार लोक कमी पितील अशी आशा करतें, तें १४,००० कोटींचा अंदाज बांधील काय? पिणारा सुधारला तर अंदाजपत्रक कोसळेल, अशी ज्या राज्याची स्थिति, तें राज्य पिणाऱ्याला सुधारील कशाला?

दुसरें भांडें शेटजीचें, हें जुनेंच आहे. पण येथें आम्हांला कडू बोलावें लागतें. शेटजी-भटजींच्या नांवानें शंख करून आपण मोकळे झालों, असें आतां चालणार नाहीं. देशी दारूचा मद्यार्क निघतो उसाच्या मळींतून. मळी कोठली? साखर कारखान्याची. कारखाना कोणाचा? सहकाराचा, म्हणजे नांवानें तुमचाच. सभासद तुम्ही, ऊस तुमचा, तोडणी करणारा तुमचा भाऊ, आणि त्याच मळीची दारू संध्याकाळीं पिणाराही तुमचाच भाऊ. मधले पैसे कोणीं खाल्ले? ज्यांच्या फलकावर जोतीराव, शाहू महाराज, बाबासाहेब अशा तिघांच्या तसबिरी असतात, त्यांच्यांतल्या कित्येकांच्या नातेवाइकांच्या नांवानें बार व परमिट रूम चालतात. निवडणूक आली कीं हेच पुढारी आदल्या रात्रीं गाडी भरून माल पाठवितात. बहुजनसमाजाचा कैवार घेणाऱ्यानें बहुजनसमाजाला बेशुद्ध ठेवावें, ह्याहून मोठा ढोंगीपणा पेशवाईंतसुद्धां सांपडायचा नाहीं.

तिसऱ्या भांड्याकडे अजून कोणाचें लक्ष गेलेलें नाहीं. तें औषधाच्या गोळीचें.

तालुक्याच्या गांवीं मेडिकलच्या काउंटरावर हा संवाद कोणीही ऐकावा.

"काय आबा, काय होतंय?"

"उर धडधडतो बघ. झोप नाहीं पंधरा दिवस."

"ही अर्धी घ्या रात्रीं. नाहीं लागली तर एक घ्या."

"डॉक्टरची चिठ्ठी?"

"तुम्हांला कशाला लागते आबा चिठ्ठी? घरचेच तुम्ही."

झालें! घरच्या माणसाला घरच्या माणसानें विष दिलें, आणि दोघांनाही त्यांत माया वाटली. ही गोळी बहुतेक अल्प्राझोलामची किंवा तिच्या एखाद्या बहिणीची असते. डॉक्टरच्या नजरेखालीं, ठरल्या दिवसांपुरती, ती उपयोगाची आहे. ह्याबद्दल आमचा वाद नाहीं. पण ती मेंदूचा तोच लगाम ओढते जो दारू ओढते. कांहीं आठवडे रोज घेतली कीं मेंदू तिच्यावाचून चालेनासा होतो, आणि एकाएकीं बंद केली तर दुप्पट घबराट, कधीं कधीं फेफरेंही येतें. म्हणूनच सरकारच्या नियमांत ती 'एच-वन' ह्या वर्गांत घातली आहे. २०१४ सालापासून ह्या वर्गांतील गोळी विकतांना दुकानदारानें चिठ्ठी पाहावी, डॉक्टरचें व रोग्याचें नांव वेगळ्या वहींत लिहावें, आणि ती वही तीन वर्षें जपून ठेवावी असा नियम आहे. पाकिटावर लाल चौकटींत इशारा छापलेला असतो. पण तो इशारा इंग्रजींत, आणि आबांना वाचतां येत नाहीं! दिल्लीच्या एम्स संस्थेनें केंद्र सरकारसाठीं केलेली पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत १० ते ७५ वर्षें वयाच्या लोकांत सुमारें १ कोटी १८ लक्ष माणसें अशीं गुंगीचीं औषधें वैद्यकीय कारणाशिवाय घेतात असें आढळलें. वह्या इतक्या नीट लिहिल्या जातात!

सगळ्यांत भयंकर प्रकार म्हणजे बाटली व गोळी एकत्र घेणें. बाटलीनें झोप येईना म्हणून वर गोळी, किंवा गोळी पुरेना म्हणून वर बाटली. दोघी मिळून लगाम इतका ओढतात कीं मेंदू श्वास घ्यायचेंही विसरतो. माणूस झोपतो तो उठत नाहीं. शेजारी म्हणतात, 'बरें मरण आलें, झोपेंतच गेला.' वाचकहो, तें मरण आलेलें नसतें, आणलेलें असतें. ज्यांच्या घरांत पिणारा माणूस आहे त्यांनीं एवढी एक ओळ तरी भिंतीवर लिहून ठेवावी कीं, दारूवर झोपेची गोळी देऊं नये.

पुरुषांचें झालें, बायांचें काय? बाईला गुत्त्यावर बसायची सोय नाहीं, आणि नसावीच. पण तिच्या जिवाला काळजी नाहीं काय? पिऊन येणाऱ्या नवऱ्याची वाट पाहाणारी तीच, मार खाणारी तीच, सकाळीं मुलांना डबा देणारीही तीच. तिचें अंग मोडून येतें, डोकें दुखतें, घास गिळत नाहीं. ती दवाखान्यांत जाते तेव्हां तिला 'अशक्तपणा' म्हणून एक सलाईन लावतात, एक सुई टोंचतात, आणि चार रंगांच्या गोळ्या कागदांत बांधून देतात. त्यांतली एक गुंगीची असते. 'घरांत काय चाललें आहे, ताई?' एवढा एक प्रश्न कोणी विचारीत नाहीं. कारण प्रश्नाला पैसे मिळत नाहींत, सलाईनला मिळतात.

आणि आमचीं शिकलेलीं मुलें? बापानें शेत गहाण ठेवून मुलगा पुण्याला पाठविला. ज्या पेठांत एके काळीं आमच्या माणसाला ओसरीवरही उभें करीत नसत, तेथें आज शेतकऱ्यांचीं हजारों मुलें एकेका खोलींत खाटा लावून स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करतात. ही प्रगति आहे, आम्ही ती नाकारीत नाहीं. पण जागा थोड्या, मुलें लाखों, परीक्षा लांबतात, वय सरतें. गांवीं तोंड दाखवायची लाज आणि शहरांत भाडें द्यायची पंचाईत. ह्या मुलांना रात्रीं जागायला एक गोळी लागते आणि झोपायला दुसरी. अपयश हें सरकारच्या जागांच्या हिशेबाचें असतें, आणि मुलगा तें आपल्या कपाळावर लिहून घेतो. नशीब, दैव, प्रारब्ध हे शब्द जोतीरावांनीं आमच्या घरांतून हांकलून दिले होते. ते आतां 'माझाच मेंटल प्रॉब्लेम आहे' ह्या नव्या वेषांत परत आले आहेत.

इतकें वाचून कोणी म्हणतील, "ह्यांचा समाजच पिणारा. ह्यांच्या रक्तांतच तें आहे." असें म्हणणारे शहाणे क्लबांत बसून परदेशी बाटली फोडतात तेव्हां ती 'सोशल ड्रिंकिंग' होते, आणि आमचा माणूस देशी घेतो तेव्हां तो दारुडा होतो. यकृत दोघांचें सारखेंच सडतें. तें जात विचारीत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें जानेवारी २०२३ मध्यें स्पष्ट सांगितलें आहे कीं, प्रकृतीला बाधत नाहीं असें दारूचें कोणतेंही सुरक्षित प्रमाण नाहीं. तेव्हां रक्ताची गोष्ट त्यांनीं आपल्याजवळच ठेवावी.

दुसरे म्हणतील, "दारू सोडा, गोळी सोडा, आमच्या महाराजांच्या बैठकीला या. मनःशांति मिळेल." ह्यांना आम्ही हात जोडतों, पण लांबूनच. एका बाळगोळीच्या जागीं दुसरी घ्यायची असती तर एवढा लेख लिहायची गरज नव्हती. पूर्वीं भटजी ग्रहांची शांति करून दक्षिणा घेत. आतां महाराज मनाची शांति करून देणगी घेतात. कर्जाचा आंकडा दोन्ही शांतींनंतर तेवढाच राहतो. उलट देणगीपुरता वाढतो.

तिसरे आमचे प्रामाणिक कार्यकर्ते आहेत. ते म्हणतात, "शपथ घ्या, बाटली फोडा, आजपासून बंद!" त्यांच्या तळमळीबद्दल आदर बाळगून एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. जो माणूस वर्षानुवर्षें रोज भरपूर पितो, त्यानें डॉक्टरच्या मदतीवांचून एकाएकीं बंद केल्यास जिवाला धोका असतो. पहिल्या एकदोन दिवसांत फेफरें येऊं शकतें. दुसऱ्या ते चवथ्या दिवशीं कांहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, मेलेलीं माणसें हांका मारतात, अंग थरथरतें, ताप चढतो. घरचे म्हणतात, भूत लागलें. भगत येतो, लिंबू कापतो, धूर करतो, आणि तेवढ्यांत माणूस हातचा जातो. तें भूत नव्हे. तो उधळलेला मेंदू आहे. त्याला इस्पितळांत न्यावें. तेथें डॉक्टर मोजून मापून औषध देऊन आठदहा दिवसांत त्याला सुखरूप उतरवूं शकतात. गंमत अशी कीं, त्या वेळीं दिलें जाणारें औषध बहुधा ह्याच गोळ्यांच्या कुळांतलें असतें. ज्याच्या हातांत मोजमाप आहे त्याच्याकडे तें औषध, आणि ज्याच्या हातांत गल्ला आहे त्याच्याकडे तेंच विष!

म्हणून आमचा लढा औषधाशीं नाहीं. पहारेकरी खराच आजारी पडला असेल तर त्याला डॉक्टरकडे नेण्यांत लाज कसली? चिंतेवर अशींही औषधें आहेत जीं बधिर करीत नाहींत. कांहीं आठवड्यांनीं गुण देतात, आणि डॉक्टरच्या सल्ल्यानें हळूहळू बंद करतां येतात. बोलण्याचा उपचारही आहे. भीतीला एक एक पायरीनें तोंड द्यायला तो शिकवितो. पुण्याचें मुक्तांगण १९८६ सालापासून व्यसनांतून माणसें बाहेर काढीत आहे. २०२२ च्या ऑक्टोबरांत केंद्र सरकारनें १४४१६ हा टेलिमानसचा फोन सुरू केला. तो रात्रंदिवस चालतो, पैसा पडत नाहीं, आणि मराठींत बोलतां येतें. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें मनाच्या आजारावर सरकारी खर्चाच्या दवाखान्यांत उपचार मिळणें हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. ही भीक नव्हे, मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. पण हक्क आणि हकीकत ह्यांत किती अंतर आहे पाहा. वर सांगितलेल्या एम्सच्या पाहणींतच असें दिसलें कीं, दारूच्या पक्क्या आहारीं गेलेल्या ३८ माणसांमागें एकालाच कांहींतरी उपचार मिळाला होता. सदतीस जणांना काय मिळालें? बाटली!

आणि पहारेकरी शहाणा असेल, चोर खराच घरांत असेल, तर? तर त्याचा उपाय डॉक्टरकडे नाहीं, तो आपल्या एकजुटींत आहे. आमच्या चळवळीचा इतिहास हेंच सांगतो. १८७८ च्या अबकारी कायद्यानें इंग्रज सरकारनें दारूचा मक्ता आपल्या हातांत घेतला आणि गांवोगांव दुकानें वाढूं लागलीं. तेव्हां १८८० सालीं पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीरावांनीं दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. त्यांनीं पिणाऱ्याला शिव्या देऊन भागविलें नाहीं. परवाना देणाऱ्याला जाब विचारला. थकलेल्या गिरणी-कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं प्रवचन दिलें नाहीं. १८९० सालीं रविवारची सुटी मिळवून दिली. १९२२ सालीं पालघरच्या किनाऱ्यापासून सुरतेपर्यंत आदिवासींनीं देवीच्या नांवानें दारू सोडली. कारण देवीचें होतें, पण शुद्धीवर आल्याबरोबर त्यांनीं काय केलें? दारूवाल्या जमीनदाराच्या शेतावर राबायला नकार दिला! शुद्धींत असलेला माणूस हिशेब मागतो. म्हणूनच त्याला शुद्धींत राहूं न देण्यांत इतक्या लोकांचें हित गुंतलेलें आहे.

तेव्हां शब्दांचे फवारे पुरे. करायचें काय तें सांगतों. घरांत कोणी पीत असेल वा गोळीवांचून झोपत नसेल, तर त्याला टाकून बोलूं नका आणि एकाएकीं बंदही करवूं नका. जिल्हा रुग्णालयांत मनाच्या डॉक्टरकडे घेऊन जा, कोणी बरोबर जा. कर्जाचा कागद घरांत लपवून ठेवूं नका. बायकोला सांगा, भावाला सांगा, चारचौघांत मांडा. लपविलेलें कर्ज रात्रीं दसपट दिसतें. सावकार विनापरवाना असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्यानें तो गुन्हेगार आहे, आणि त्यानें बळकावलेली जमीन परत देवविण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला आहे, अर्ज करा. बायांनो, मतदान करून गांवांतलें दुकान बंद करण्याची तरतूद आहे. उभी बाटली आडवी करणें तुमच्या हातांत आहे. पण तेवढ्यानें भागत नाहीं हेंही ध्यानांत ठेवा. चंद्रपूर जिल्ह्यांत २०१५ सालीं दारूबंदी झाली आणि २०२१ सालीं उठविली गेली. दुकान बंद झालें तरी धडधडणारी छाती उरतेच. तिला दुसरी वाट दिली नाहीं तर बाटली चोरवाटेनें परत येते आणि मागोमाग दुकानही येतें.

म्हणून पुढच्या ग्रामसभेंत हात वर करून दोनच प्रश्न विचारा. आपल्या तालुक्यांत परवान्याचीं दारूचीं दुकानें किती आहेत? आणि आपल्या तालुक्याच्या दवाखान्यांत मनाच्या आजाराचा डॉक्टर महिन्यांतून किती दिवस बसतो? दोन्ही आंकडे सभेच्या वहींत लिहून घ्या, खालीं सह्या घ्या, आणि आमदार मत मागायला येईल त्या दिवशीं तें पान त्याच्यापुढें धरा. त्या दिवशीं तो गाडीभर माल घेऊन येईल. तो परत पाठवा. पान मात्र त्याच्या हातांत द्या.